पांढऱ्या कपड्यांचा नियम

आमच्या इमारतीला लिफ्ट दोन. पुढची आणि मागची. पुढचीला आरसा आहे, पितळी कठडा आहे आणि एक लाल गादीचं बाकडं आहे, ज्यावर आजवर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. मागचीत दिवा आहे. कधीकधी. पुढची दिवाणखान्याच्या दाराशी उघडते, मागची स्वयंपाकघराच्या. दोन्ही त्याच बारा मजल्यांवर जातात. फरक एवढाच की एकीतून माणसं जातात आणि दुसरीतून कचरा, कुत्री, सोफे आणि आमच्यासारखे.

पुढच्या लिफ्टशेजारी सरकारी पाटी आहे. वंश, रंग, धंदा बघून कुणाला लिफ्ट नाकारली तर दंड होईल, असं त्यावर कोरलंय. ती पाटी दर सोमवारी लिंबू लावून मीच घासतो आणि घासून झाली की बादली घेऊन मागच्या लिफ्टने वर जातो.

मी एदमिल्सन. इथला दरवान. एकोणीस वर्षं झाली. गाव माझं उत्तरेत, सिआरा प्रांतात, पण रिओच्या लोकांना उत्तरेकडचा प्रत्येक माणूस शेजारच्या पाराइबा प्रांताचाच वाटतो, त्यामुळे अर्धी इमारत मला 'ए पाराइबा' म्हणते. मी पण ओ देतो. नोकरीला ओ द्यावीच लागते.

मार्चमध्ये दहाव्या मजल्यावरचं एक घर विकलं गेलं. घेतलं डॉक्टर इव्होनेतनी. मोठ्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करतात. आता त्यांचा रंग सांगायचा तर आमच्याकडे पंचाईत आहे. आमच्या इमारतीत कुणाचा रंग दालचिनीचा असतो, कुणाचा दूधकॉफीचा, कुणाचा करपलेल्या साखरेचा. 'काळा' हा एकच शब्द तेवढा कुणाच्या तोंडून निघत नाही. डॉक्टरबाईंना मात्र दालचिनी म्हणायची सोय नव्हती. चांगल्या ठसठशीत काळ्या.

पहिल्याच आठवड्यात चौथ्या मजल्याच्या लुइझेतबाईंनी त्यांना पुढच्या लिफ्टपाशी गाठलं. लुइझेतबाई म्हणजे आमच्या सोसायटीच्या उपाध्यक्षा.

"कुठल्या घरी लागलीस गं?"

"दहाव्या मजल्यावर."

"मालकीण कशी आहे?"

"फार कजाग," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झाडूपोछा, स्वयंपाक, धुणं, सगळं माझ्याकडून करून घेते. हातावर दमडी ठेवत नाही."

"अगंबाई! सोड मग. माझ्याकडे ये. रविवारी सुट्टी देईन. अर्धी."

खरं कळल्यावर लुइझेतबाई दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उतरल्या आणि थेट अध्यक्षांकडे गेल्या.

अध्यक्ष म्हणजे सहाव्या मजल्याचे वकीलसाहेब, अरिस्तिदेस. कोर्टातून निवृत्त झालेले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी विचार केला. रंगाचं नाव घेतलं तर पाटी आडवी येते. मग त्यांनी कपड्यांचं नाव घेतलं. आमच्याकडे मुलं सांभाळणाऱ्या बाया पांढऱ्या कपड्यात, स्वयंपाकिणी पांढऱ्या कपड्यात, म्हाताऱ्यांना बघणाऱ्या पांढऱ्या कपड्यात. आणि योगायोग बघा, हॉस्पिटलातून परतणाऱ्या डॉक्टरबाईही पांढऱ्याच कपड्यात.

ऑगस्टच्या सभेत नियम वाचला गेला: 'पांढरे कपडे घातलेल्या कोणाही व्यक्तीने पुढची लिफ्ट वापरू नये. आरोग्याच्या कारणास्तव.'

"पांढऱ्यावर जंतू चटकन दिसत नाहीत," वकीलसाहेबांनी खुलासा केला. कुणी काही विचारलं नव्हतं.

सगळे डॉक्टरबाईंकडे बघायला लागले. आता बाई आरडाओरडा करणार, मग आपण 'आरडाओरडा करू नका' म्हणणार, अशी सगळ्यांची तयारी होती. त्या शांतपणे उठल्या.

"नियम चांगला आहे. माझी एकच सुधारणा आहे. सगळ्यांना सारखा लावा. मालक, पाहुणे, कुणालाही, कुठल्याही दिवशी सूट नको. आणि कुणाच्या लहरीने मोडायला नको, म्हणून रद्द करायचा तर दोन तृतीयांश मालकांची मतं लागतील असं घाला."

टाळ्याच पडल्या! लुइझेतबाई शेजारणीला म्हणाल्या, "समजूतदार आहे हो. शिकलेली ना." वकीलसाहेबांनी खूश होऊन आपणहून एक ओळ जोडली: दरवानाने कुणाला सोडलं तर त्याला मेमो, तीन मेमो झाले की घरी.

माझ्या नावावर एक मेमो आधीच होता, डॉक्टरबाईंना दार उघडून दिल्याचा. त्यात माझा युनिफॉर्मचा सदराही पांढरा. म्हणजे त्या दिवसापासून मी मागचीत नियमानेच.

ऑगस्ट होता. ऑगस्टात या शहरात डिसेंबर कुणाला आठवतो?

डॉक्टरबाईंनी हे घर हौसेने घेतलं नव्हतं. आईसाठी घेतलं होतं. आई, देओलिंदा मावशी, वय शहात्तर. इमारतीच्या मागेच टेकडी आहे, त्या टेकडीवर राहतात. रस्त्यापासून दारापर्यंत एकशे ऐंशी पायऱ्या, आणि मावशींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गुडघे कुठे गेले म्हणाल तर इथेच. मावशींनी या इमारतीत एकतीस वर्षं इस्त्री केली, सहाव्या मजल्यावर, वकीलसाहेबांच्या घरी. एकतीस वर्षं मागच्या लिफ्टने.

नोव्हेंबरात त्या पहिल्यांदा लेकीकडे राहायला आल्या. हातात एक बोचकं, अंगावर पांढरा घोळदार झगा, डोक्याला पांढरा रुमाल. शुक्रवार होता. शुक्रवार ओशाला देवाचा, त्या दिवशी मावशी पांढऱ्याशिवाय काही घालत नाहीत. सरळ पुढच्या लिफ्टकडे चालू लागल्या.

"मावशी," मी म्हणालो. "नियम आहे. पांढरं घातलेल्यांनी मागून."

त्या थांबल्या. "कुणी केला?"

"वकीलसाहेबांनी."

तेवढ्यात वकीलसाहेबच पेपर घ्यायला खाली आले. "अरे देओलिंदा! किती दिवसांनी! एदमिल्सन, ही आमच्या घरचीच आहे बरं का, नीट मागच्या लिफ्टपर्यंत सोड हिला."

"अरिस्तिदेस," मावशी म्हणाल्या. साहेब त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं, वकिलाच्या चड्ड्यांनाही इस्त्री केलेली. "माझी एकतीस वर्षं त्या डब्यात गेली. आता मी त्यात पाय ठेवणार नाही."

डॉक्टरबाई धावत खाली आल्या. "आई, ही माझी निळी शाल घे वरून. दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"शुक्रवारचं पांढरं मी देवाला दिलंय. एका लिफ्टसाठी देवापासून लपवू? तू वर जा. ज्या दिवशी हीच लिफ्ट मला याच कपड्यात नेईल, त्या दिवशी बोलाव. तोवर माझ्या पायऱ्या बऱ्या."

आणि बोचकं उचलून निघाल्या. मी फाटकातून बघत राहिलो. दर दहा पायऱ्यांना थांबत होत्या. गुडघ्यावर हात ठेवायचा, श्वास घ्यायचा, पुढे. एकशे ऐंशीला किती वेळ लागला ते सांगत नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही, एवढं सांगतो.

मग आला एकतीस डिसेंबर.

त्या दिवशी आमच्या शहरात काय होतं ते आमच्या शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अख्खं शहर पांढरं घालतं. गरीब, श्रीमंत, भटका कुत्रा, सगळे. नवं वर्ष शांततेचं जावं म्हणून. दुसरा रंग घातला की वर्ष वाईट जातं, याबद्दल नास्तिकांचंही एकमत आहे. आमची इमारत समुद्रासमोर, वरून आतषबाजी दिसते, म्हणून प्रत्येक घरी पाहुणे. गाड्यांना रस्ते दुपारीच बंद होतात, त्यामुळे पाहुणे चार-पाचलाच पायी पायी येऊन थडकतात. आणि एकूण एक पांढरे.

मी टेबलाशी बसलो होतो. नियम चौकटीत घालून मागे टांगलेला. मी काही कट केला नव्हता, आईशपथ. पहिली पाहुणी मसुराचं पातेलं घेऊन आली, पुढच्या लिफ्टकडे वळली, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं:

"बाई, पांढरं घातलंय. मागून."

निघालं, आणि मी मागे वळून चौकटीतला नियम वाचला. मग माझ्या लक्षात आलं की मी बरोबर बोललो होतो.

त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नाही. "मागून. मागून. तुम्ही पण मागून. बाळ पण मागून, बाळाने पांढरं घातलंय." अर्ध्या तासात मागच्या लिफ्टपुढे, कचऱ्याच्या पिंपांना वळसा घालून, शॅम्पेन आणि फुलं घेतलेली पन्नास माणसं रांगेत. पुढच्या लिफ्टने झुळझुळ वर जात होते ते फक्त वाढपी. त्यांचा युनिफॉर्म काळा.

पाहुण्यांनी वर फोन केले. मालक भांडायला खाली उतरले. उतरताना वर कोण बघतंय, पण खाली आल्यावर परत जायचं तर माझ्याशी गाठ. एकेक करून तेही रांगेत.

एकाने सदराच काढला. "आता बोल!"

"साहेब, नियम नंबर नऊ. उघड्या अंगाने पुढच्या लिफ्टमध्ये नाही."

लुइझेतबाईंचा भाऊ फ्लुमिनेन्स फुटबॉल क्लबचा कट्टर माणूस. त्याने एका वाढप्याच्या पिशवीतली जर्सी मागून घेतली, तर ती निघाली हाडवैरी फ्लामेंगोची. लाल-काळी. बिचारा ती अंगात चढवून पुढच्या लिफ्टने वर गेला. जाताना डोळ्यांत पाणी होतं. आई वारली तेव्हाही एवढा रडला नव्हता म्हणे.

लुइझेतबाई मात्र कपडे बदलायला तयार होईनात. "आजच्या दिवशी पांढरं हवंच! हे समुद्रदेवीसाठी असतं, तुला काय कळणार, पाराइबा?"

"कळतं ना, बाई. तुमच्याआधी एकींनी समजावलंय."

आणि मग वकीलसाहेब आले. पांढरा लिननचा सूट, पांढरे बूट, हातात बर्फाची पेटी, मागे चार पाहुणे आणि बेकरीतून भाजून आणलेलं अख्खं डुकराचं पिल्लू, तोंडात सफरचंद.

"मलाही मागून?" त्यांनी विचारलं.

"साहेब, 'कुणालाही, कुठल्याही दिवशी'. खाली सही तुमची. दुसरा मेमो नको मला."

पन्नास माणसं बघत होती. स्वतःच्याच सहीपुढे वकील काय बोलणार? मान ताठ ठेवून ते मागच्या लिफ्टमध्ये शिरले. बर्फ, चार पाहुणे, पिल्लू, शिवाय कुणाचं तरी कुत्रं. लिफ्ट निघाली, कण्हली, आणि पाच-सहाच्या मध्ये थांबली. दिवाही गेला.

इंटरकॉम खणखणला. "एदमिल्सन! दुरुस्तीवाल्याला बोलव!"

"रस्ते बंद आहेत, साहेब. गच्चीवरच्या खोलीतून मला हाताने उतरवता येते. पण गच्चीवर जायचं कसं? तुमची अडकली आणि पुढचीत मला बंदी. सदरा पांढरा आहे."

"जिन्याने जा!"

"टेबल सोडून पाच मिनिटांपेक्षा जास्त जायचं नाही. नियम नंबर चौदा. बारा मजले पाच मिनिटांत चढून उतरायचं वय राहिलं नाही."

डॉक्टरबाई तेवढ्यात ड्यूटीवरून आल्या. अर्थात पांढऱ्या कपड्यात. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी इंटरकॉम हातात घेतला. "कुणाला दम लागतोय का? छातीत दुखतंय? नाही ना? वरच्या फटीतून हवा येते, बर्फ जवळ आहे. तासभर काही होत नाही." मग त्यांनी टेकडीवर फोन लावला. "आई, खाली ये. पांढऱ्याच कपड्यात ये."

मावशींना उतरायला वीस मिनिटं लागली. त्या काठी टेकत आल्या आणि गर्दी बघून लॉबीतल्या सोफ्यावर बसल्या. त्यांना काही घाई नव्हती.

इंटरकॉममधून वकीलसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. नियम रद्द. घरं चोवीस, मतं हवी सोळा. लुइझेतबाईंनी वही उघडून मोजली. लॉबीत चौदा, अडकलेले वकीलसाहेब पंधरा. बाकीची आठ घरं भाड्याने दिलेली, मालक परगावी. सोळावं मत उरलं एकच.

सगळे डॉक्टरबाईंकडे बघायला लागले. ऑगस्टसारखेच, पण चेहरे वेगळे.

"मत देते," त्या म्हणाल्या. "पण ठरावात कारण लिहावं लागतं. नियम कशासाठी केला होता ते आधी नोंदवा."

"आरोग्यासाठी," इंटरकॉम म्हणाला.

"मग रद्द कशाला? पन्नास माणसांचं आरोग्य धोक्यात घालायचं? माझं मत नाही."

"डॉक्टर, पाहुणे ताटकळलेत. आपण सुशिक्षित माणसं..."

"म्हणूनच म्हणते, लिहा. कुणाला लांब ठेवायला केला होता?"

"कुणालाच नाही! माझे कितीतरी मित्र..." आत कुत्रं भुंकलं. "काही विशिष्ट... म्हणजे आगंतुक..."

"मी घराची मालकीण आहे."

"तुमच्यासारख्या... थोड्या सावळ्या..."

"वकीलसाहेब, चाळीस वर्षं कोर्टात काढलीत. मोघम जबाब चालतो का?"

लुइझेतबाई पेन धरून बसल्या होत्या, मान खाली. इंटरकॉममधून बर्फ वितळून ठिबकल्याचा आवाज येत होता.

"काळ्या," तो आवाज म्हणाला. "काळ्या लोकांना पुढची लिफ्ट वापरू द्यायची नव्हती. बस?"

"लुइझेतबाई, लिहिलंत?"

लुइझेतबाईंनी लिहिलं. त्यांच्या हाताला तो शब्द लिहायची सवय नव्हती, दोनदा खोडला. डॉक्टरबाईंनी वही घेतली, वाचली आणि सही केली. वहीतलं पान आता फाडता येत नाही, पानांना नंबर असतात.

"देओलिंदा," इंटरकॉम पुटपुटला, "तू तिथे आहेस का? मला माफ..."

"माफी राहू दे, अरिस्तिदेस," मावशी सोफ्यावरून उठत म्हणाल्या. "मला लिफ्ट हवी होती."

त्या पुढच्या लिफ्टकडे चालत गेल्या. गर्दी बाजूला झाली. डॉक्टरबाई सोबत निघाल्या, तर त्यांना हाताने अडवलं. "मी जाते. तू मागाहून ये."

मावशी आत शिरल्या. त्या लाल गादीच्या बाकड्यावर ऐसपैस बसल्या, झगा नीट केला, आणि काठीच्या टोकाने बटणं दाबू लागल्या. एक. दोन. तीन. बाराच्या बारा.

दार लागलं.

"एदमिल्सन!" इंटरकॉम ओरडला. "आता तरी गच्चीवर जा!"

"निघालोच, साहेब. लिफ्टची वाट बघतोय."

वरचा आकडा एकवर थांबला. मग दोनवर. चारवर बराच वेळ थांबला. लिफ्टमधल्या फोनवरून मावशींचा आवाज आला, "एदमिल्सन, चौथ्यावर केवढं मोठं झाड ठेवलंय रे! पण पाणी कुणी घालत नाही. सांग त्यांना." मी सांगितलं. लुइझेतबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

पाच. मग सहा. सहावर आकडा हलेना. मिनिट झालं, दोन झाली. कुणीतरी घड्याळ बघितलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी फोन उचलला.

"मावशी, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे रे. या दाराला बेल आहे. एकतीस वर्षांत मला माहीतच नव्हतं. वाजवून बघितली."

"मग?"

"एका वाढप्याने दार उघडलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, 'या बाई, आत या, तुम्ही कोणाच्या पाहुण्या?' म्हटलं, कुणाच्या नाही, बेल वाजते का बघत होते. वाजते छान."

इंटरकॉममधून वकीलसाहेब विचारत होते की लिफ्ट कुठे अडली आहे.

"अडली नाही, साहेब," मी म्हणालो. "अजून सहा मजले आहेत."